गाडीखाली वाकून बघा, गुडघे मळले तरी चालतील

भाड्याच्या थारपायी गेले 43,620 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "एकूण किती गेले हो?" असं पुन्हा कुणी विचारायला नको.

मुलाची बारावी संपली. त्याला दगडांवरून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी चढवायची हौस. पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला एक ट्रॅक आहे. नाव लिहीत नाही, उद्या मलाच नोटीस यायची. गाडीसकट दिवसाचे 8,500, वर अनामत 25,000. "काका, संध्याकाळी पाचला परत, टेन्शनच घेऊ नका." असल्या अनामतीचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. तरी दिले. शिवाय रजिस्टरला नोंद करायची म्हणून मूळ लायसन्स ठेवून घेतलं. (ते कधीच कुणाच्या हाती देऊ नका. डिजिलॉकरमधलं दाखवा, नाहीतर झेरॉक्स.)

थार उभी होती. नंबरप्लेट पांढरी. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देणंच बेकायदा, आणि काही झालं की विमा कंपनी हात वर करणार. हे सगळं तिथल्या तिथे माझ्या डोक्यात आलं होतं, म्हणून जास्त चीड येते.

मग वास आला. ताज्या रंगाचा. अख्खी गाडी चिखलाने माखलेली आणि पुढच्या स्किड प्लेटची (गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्याची) कड तेवढी काळीकुळकुळीत. मी भोसरीत एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीला आहे. रंगाखाली दडवलेली चीर शोधायचाच मला पगार मिळतो. रंग मारून आणलेले जॉब मी उभ्या उभ्या परत पाठवतो. आणि त्या दिवशी वाकलो नाही. घरी सांगताना म्हणालो, नवी पँट होती. खरं कारण मुलगा. "बाबा, इथंपण इन्स्पेक्शन?" असं म्हणाला आणि मी आपला हसलो. दोन मिनिटं. फोन खाली धरून चार फोटो काढायचे होते, बस्स.

सकाळचे दोन तास मात्र झकास गेले, ते नाकारत नाही. टायरमधली हवा 18 पीएसआयवर आणली, फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग अगदी कमी), पहिला गिअर. गाडी मुंगीच्या पावलांनी काळ्या कातळावर चढते, एक चाक हवेत लोंबकळतं, पोटात गोळा येतो. बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही, म्हणून समोर स्पॉटर उभा असतो. तो हात दाखवेल तिकडे स्टिअरिंग. त्याचं ऐकायचंच, हा या खेळाचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. फक्त स्पॉटर त्यांचा होता.

सकाळभर तोच सांगत होता, "दगड चाकाखाली घ्या, मध्ये घेऊ नका." दुपारी एका गुडघाभर धोंड्यापाशी म्हणाला, "मध्ये घ्या काका, मध्येच घ्या." थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीतलं अंतर, 226 मिलिमीटर. हिशेब पोरगासुद्धा करेल. मी मध्ये घेतली. थाड! लगेच तिघे धावत आले, एकाचा मोबाइल आधीपासूनच चालू.

बिल तोंडपाठ आहे. स्किड प्लेट 11,800, लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) 14,500, अलाइनमेंट आणि मजुरी 6,000, "गाडी तीन दिवस उभी राहणार" त्याचे 9,000. एकूण 41,300. अनामत गिळली, वर 16,300 मागितले. लायसन्स त्यांच्या खिशात, अंधार पडत आलेला, मुलगा गप्प. 10,000 वर तोडलं. कुणी म्हणेल द्यायचेच नव्हते. तिथं उभं राहून म्हणून दाखवा.

पहिल्या चौकीत म्हणाले, हद्द आमची नाही. ज्यांची हद्द होती ते म्हणाले, साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, "सही केलीय ना? मग दिवाणी मामला आहे. दगडावर गाडी घालायला गेलात, आपटणारच की." मी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 काढलं, 1 जुलै 2024 पासून ही नवी संहिता आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. त्यांनी विचारलं, "वकील आहात का?" फसवणुकीच्या कलमाची चारशेवीसची 318 झाली, बाकी काही हललं नाही. पांढऱ्या पाटीची तक्रार जिथे करायची, तिथल्या खिडकीवर सांगितलं, गाडी घेऊन या. म्हणजे चोरानेच चोरी पुराव्यासकट आणून द्यायची! 1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन चौथ्या दिवशी केला, ती चूक माझी. पैसे गेले की तासाभरात करा.

नाना पेठेत त्याच स्किड प्लेटचा भाव काढला. 4,200.

लायसन्स आठ दिवसांनी आलं. त्याच्या कुरिअरचे 120 रुपये त्यांनी आधी भरून घेतले. भरले.