नवी पेठेतील 'ताईंचे सेंटर' : शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल तर

नवी पेठेत, गांजवे चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अभ्यासिका आणि खानावळींच्या दाटीत एक अरुंद गाळा आहे. पाटीवर 'झेरॉक्स, स्कॅनिंग, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म' एवढाच मजकूर असून दुकानाला वेगळे नाव नाही. आसपासच्या खोल्यांतून राहणारी मुले त्याला 'ताईंचे सेंटर' म्हणतात. माझी भाची पुरंदर तालुक्यातून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी पुण्यात आली, तेव्हा राज्य शासनाच्या 'महाडीबीटी' या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील तिचा अर्ज आम्ही येथे भरला. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे, कारण प्रवेशाच्या हंगामात असा अर्ज कोठे भरावा, हा प्रश्न बाहेरगावाहून आलेल्या पालकांकडून वारंवार ऐकू येतो.

महाडीबीटीवर विद्यार्थ्याला स्वतःच्या मोबाइलवरूनही अर्ज करता येतो आणि त्यासाठी शासन एक रुपयाही घेत नाही. त्यामुळे 'फॉर्म भरून मिळेल' या पाटीला फारसे मोल देण्याचे कारण नाही. रकाने भरण्याचे काम बारावी झालेले कोणतेही मूल करू शकते. मोल आहे ते अर्ज भरण्याआधी कागद तपासून घेण्याला, आणि त्या कामात हे केंद्र मी पाहिलेल्या इतर केंद्रांपेक्षा पुष्कळच उजवे ठरते.

आम्ही गेलो तेव्हा ताईंनी संगणकाला हातही लावला नाही. 'आधी सगळं टेबलावर मांडा काका, मग बोलू,' असे म्हणून त्यांनी आधार कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे जागावाटप पत्र आणि महाविद्यालयाची शुल्क पावती ओळीने लावून घेतली आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक कागदावरील नाव अक्षरशः बोट ठेवून वाचले. आधार कार्डावरील वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि गुणपत्रिकेवरील स्पेलिंग यांत एका अक्षराचा फरक निघाला. अर्जातील वैयक्तिक माहिती आधारवरून येते आणि महाविद्यालयातील लिपिक मात्र गुणपत्रिका समोर ठेवून पडताळणी करतो, त्यामुळे एवढ्याशा फरकावरूनही अर्ज परत येऊ शकतो, हे त्यांनी भाचीला शांतपणे समजावून सांगितले. शुल्क पावतीवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क वेगवेगळे दाखवलेले आहे की एकच ठोक रक्कम लिहिली आहे, हेही त्यांनी पाहिले. आमच्या पावतीवर ठोक रक्कम होती. ती घेऊन भाचीला महाविद्यालयात परत पाठवण्यात आले. त्या दिवशी केंद्राने आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

पावतीचा एवढा आग्रह का, हे समजण्यासाठी योजना थोडी माहीत असावी लागते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या इतर मागास प्रवर्गातील, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. त्यापूर्वी तो निम्मा होता. म्हणूनच पावतीवर ही दोन शुल्के वेगळी दिसावी लागतात. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांना हा लाभ नाही. एका पालकांना केंद्रात हे कळले तेव्हा ते बराच वेळ वाद घालत होते. ताईंनी त्यांचा अर्ज भरून पैसे घेण्याऐवजी 'हा अर्ज मंजूर होणार नाही' असे तोंडावर सांगितले. अशा स्पष्टपणाला व्यवसायात नुकसानच सोसावे लागते, पण गिऱ्हाईक म्हणून मला तो फार मोलाचा वाटला.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत येथे मिळालेला सल्ला तर प्रत्येक पालकाने लिहून ठेवावा असा आहे. मुलगी पुण्यात शिकते म्हणून दाखला खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीतून निघत नाही. कुटुंब जेथे राहते त्या तालुक्याच्या तहसीलदारांकडून तो घ्यावा लागतो, म्हणजे आमच्या बाबतीत सासवडहून. त्यासाठी आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल हवा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू असल्याने दाखला किती दिवसांत मिळावा याची मुदत ठरलेली आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती १५ दिवसांची आहे. पण निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली की सगळा जिल्हा एकाच वेळी अर्ज करतो आणि एखादी त्रुटी निघाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते. म्हणून नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर एप्रिलमध्येच, म्हणजे बारावीचा निकालही लागलेला नसताना, तो काढून ठेवावा, असे ताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याच्या, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राचेही तसेच: ते प्रवेशाच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पुढील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, आणि जुने प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुले ऐन वेळी अडकतात.

आमच्या पुढच्या रांगेतला एक मुलगा अशाच दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक कोठे मिळेल, अशी चौकशी करत होता. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला आणि कचेऱ्यांबाहेर त्याचा मोठा धाक पसरला, हे खरे आहे. परंतु जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालेले आहे. ताईंनी त्याला साध्या कागदावर मजकूर छापून दिला आणि त्याचे पाचशे रुपये वाचवले. बाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणाऱ्यांकडून असा सल्ला मिळणे कठीण आहे.

बँक खात्याचा मुद्दा मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बहुतेक केंद्रांवर कोणी विचारातच घेत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जाते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती आधार क्रमांकावर जाते, आणि त्या क्षणी बँकांमधील पैशांची देवाणघेवाण हाताळणाऱ्या राष्ट्रीय भुगतान निगमच्या (एनपीसीआय) नोंदीत त्या आधाराशी जी बँक जोडलेली असेल, तिच्यातील खात्यात जमा होते. एका आधाराला अशी एकच बँक जोडलेली राहते. नवीन जोडली की जुनी आपोआप सुटते. भाचीचे खाते सासवडच्या बँकेत व्यवस्थित सुरू होते, पासबुकावर आधार क्रमांकाचा शिक्काही होता. ताईंनी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती उघडून पाहिली, तर तेथे भलत्याच बँकेचे नाव. सिमकार्ड घेताना दुकानदाराने 'हे पण होऊन जाईल' म्हणत उघडून दिलेले ते खाते होते आणि त्याचा वापर कधीच झालेला नव्हता. आधार दाखवून बँकेत ओळख पटवणे (केवायसी) आणि रक्कम येण्यासाठीची आधार जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे उभ्या असलेल्या किमान चार पालकांना त्या दिवशी पहिल्यांदाच समजले. भाचीने सासवडच्या शाखेत जोडणीचा लेखी अर्ज दिला, नोंद बदलल्याची खात्री केली, आणि त्यानंतरच आमचा अर्ज पुढे सरकला.

स्कॅनिंगबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. संकेतस्थळ प्रत्येक कागदासाठी २५६ केबीची मर्यादा घालते. मोबाइलवरून काढलेला फोटो तेवढ्यात बसवला की शिक्का आणि तारीख पुसट होते. येथे जुनी, पिवळी पडलेली शिधापत्रिका दोन्ही बाजूंनी करड्या छटेत स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये बसवून दिली, आणि तहसीलदारांचा गोल शिक्का वाचता येत होता.

आता मुदतीविषयी. दरवर्षी मुदतवाढ मिळते, हे पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी गृहीत धरलेले आहे आणि अनेक केंद्रचालक त्याला दुजोरा देऊन गर्दी पुढे ढकलत राहतात. ताई तसे करत नाहीत. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दोन तारखा लिहिलेली चिठ्ठी असते: एक शासनाने विद्यार्थ्यांसाठी जाहीर केलेली, आणि दुसरी त्या त्या महाविद्यालयाने छापील अर्ज व कागदपत्रांचा संच जमा करण्यासाठी ठरवलेली. दुसरी तारीख जवळजवळ नेहमीच आधी येते, आणि मुदतवाढ पहिल्या तारखेला मिळाली तरी महाविद्यालयाची खिडकी तेवढी वाढेलच असे नाही. अर्ज सादर झाल्यावर तो आधी महाविद्यालयातील लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर संबंधित विभागाकडे जातो. त्यातल्या कोणत्याही टप्प्यावर तो त्रुटीसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात परत येऊ शकतो. शेवटच्या दिवशी सादर केलेला अर्ज परत आला तर दुरुस्तीसाठी वेळच उरत नाही. भाचीच्या मैत्रिणीचा अर्ज असाच परत आला होता. तिला तो बराच उशिरा दिसला, कारण नोंदवलेला मोबाइल क्रमांक गावाकडे वडिलांच्या खिशात होता आणि महाविद्यालयाच्या कार्यालयाने सूचना केवळ फलकावर लावून हात झटकले होते.

येथपर्यंत वाचून केंद्र निर्दोष आहे असे कोणाला वाटू नये. पहिली तक्रार दरांची. झेरॉक्सचे दर भिंतीवर ठळक लावलेले आहेत, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाचा दर कोठेही लिहिलेला नाही. आमच्याकडून स्कॅनिंगसह दीडशे रुपये घेतले, जे मला रास्त वाटले. परंतु मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच कामाचे अडीचशे घेतले जात असल्याचे मी स्वतः ऐकले. गर्दी वाढते, मदतनीस ठेवावे लागतात, हे मान्य. तरीही दर लिहून लावण्यात अडचण कोणती, हे मला समजलेले नाही. याच आठवड्यात कागद तपासण्याचे काम ताईंऐवजी त्यांचे मदतनीस करतात आणि ज्या बारकाईसाठी येथे यावे तीच हरवते, ही दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. केंद्रात एक जाडजूड वही असते आणि तीत प्रत्येक विद्यार्थ्याचे वापरकर्ता नाव व पासवर्ड लिहून ठेवतात. 'मुलं विसरतात, मग रडत येतात,' हे त्यामागचे कारण खोटे नाही. परंतु ती वही टेबलावर उघडी पडलेली असते, आणि पासवर्ड बहुतेकांचा एकाच साच्यातला असतो: नाव, त्यापुढे जन्मवर्ष. ज्या खात्यात आधार, उत्पन्न, जात आणि बँक यांची सगळी माहिती आहे, त्याची किल्ली अशी झेरॉक्सच्या काउंटरवर ठेवणे मला मुळीच पटले नाही. मी तसे सांगितल्यावर त्यांनी तक्रार न करता कीबोर्ड भाचीकडे सरकवला आणि तिने पासवर्ड स्वतः टाकला. म्हणजे आग्रह धरला तर अडवत नाहीत. पण आग्रह धरावा लागतो. ओटीपीच्या बाबतीतही तसेच. मोबाइल आपल्याच हातात ठेवावा आणि आकडा मोठ्याने न सांगता स्वतः टाइप करावा.

शिवाय अर्ज सादर झाल्याची पावती छापून दिली की केंद्राचे काम संपते. पुढे अर्ज कोणाकडे अडकला आहे, हे पाहण्याची सोय येथे नाही आणि तशी हमीही कोणी देत नाही. ती अपेक्षा दीडशे रुपयांत धरणे योग्यही नव्हे. लॉगिन करून दर आठवड्याला स्थिती पाहणे हे विद्यार्थ्याचेच काम आहे.

जे पालक तालुक्याच्या गावाहून येतात, ज्यांच्या कागदांत नावांचा किंवा पत्त्यांचा फरक आहे, ज्यांच्या घरातले शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारे हे पहिलेच मूल आहे, त्यांनी येथे अवश्य जावे. मात्र अर्ज सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मूळ कागदपत्रे आणि आधारशी जोडलेला मोबाइल बरोबर घेऊन. दुचाकी गल्लीत लावण्यास जागा नाही, त्यामुळे अलका चौकात उतरून चालत जाणे सोयीचे पडते. ज्यांचे कागद नीट आहेत आणि ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी अर्ज घरूनच भरावा. दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी मागील वर्षाची गुणपत्रिका, नवी शुल्क पावती आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागेल, एवढे भाचीने लिहून घेतले आहे. तो अर्ज ती स्वतःच भरणार असून ताईंकडे आम्ही फक्त स्कॅनिंगसाठी जाऊ.