गीतगोविंदाचा भजनी संच: गाण्यासाठी घ्या, पण पेन्सिल जवळ ठेवा

कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात पूजासाहित्याच्या दुकानांतून सध्या जयदेवाच्या गीतगोविंदाचा, म्हणजे राधाकृष्णाच्या संस्कृत गेय काव्याचा, एक संच दिसतो. खिशात मावेल असा गुटका (छोटी पोथी), सोबत पेनड्राइव्ह, किंमत साडेतीनशे रुपये. गुटक्यात चोवीसही अष्टपद्या, म्हणजे काव्यातली गाणी, पदं सुटी करून छापल्या आहेत आणि खाली मराठी अर्थ दिलाय. पेनड्राइव्हवर त्याच चोवीस गायलेल्या आहेत. भजनी मंडळांना डोळ्यासमोर ठेवून तो काढलाय, म्हणून परीक्षणही त्याच अंगाने केलं आहे. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. बरेचसे दोष पुढच्या आवृत्तीत सहज सुधारता येतील असे आहेत.

सगळ्यात मोठी उणीव आधी सांगतो. गीतगोविंद म्हणजे चोवीस सुट्या गाण्यांचा गठ्ठा नव्हे. बारा सर्गांचं ते एक सलग काव्य आहे. गाण्यांच्या मागेपुढे श्लोक आहेत आणि कोण, कुठे, कोणाला उद्देशून गातंय हे त्या श्लोकांतून कळतं. या संचात श्लोक जवळजवळ सगळे गाळलेत. 'मेघैर्मेदुरमम्बरं' हा पहिला श्लोक तेवढा मुखपृष्ठाच्या आत शोभेला ठेवलाय. परिणाम असा होतो की सतरावी अष्टपदी, 'याहि माधव याहि केशव', मंडळात नामघोष म्हणून टाळ्यांच्या गजरात गायली जाते. प्रत्यक्षात रात्रभर वाट पाहून थकलेली राधा पहाटे दारात आलेल्या कृष्णाला चालता हो म्हणतेय, खोटं बोलू नकोस म्हणून सुनावतेय. गाणाऱ्याला हे माहीत नसेल तर चाल कितीही गोड बांधा, गाणं चुकतंच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक अष्टपदीच्या डोक्यावर पेन्सिलीने बोलणाऱ्याचं नाव लिहा. पहिली आणि दुसरी कवीची. तिसरी-चौथी सखी राधेला ऐकवते, पाचवी-सहावी राधा सखीला. सातवी एकट्या कृष्णाचा पश्चात्ताप. आठवी-नववी सखी कृष्णाकडे जाऊन राधेची अवस्था सांगते, दहावी-अकरावी परत येऊन राधेला कृष्णाची. बारावी पुन्हा कृष्णापुढे. तेरा ते सोळा राधेचा विरह, सतरावी तिचा राग. अठरावीत सखीची समजूत, एकोणिसावीत कृष्णाची विनवणी, वीस-एकवीस सखीचा आग्रह. बाविसावीत कवी भेटीचं वर्णन करतो. तेविसावी कृष्णाची, चोविसावी राधेची. एवढं लिहिलं की गुटका निम्मा दुरुस्त झाला.

प्रस्तावनेत कविचरित्राला सहा पानं दिलीत, त्यांतलं निम्मं चाळून घ्यावं लागतं. 'चंद्रालोक' आणि 'प्रसन्नराघव' याच जयदेवाच्या नावावर टाकलेत. ते दुसऱ्या जयदेवाचे. त्याचे आईवडील सुमित्रा आणि महादेव; आपल्या जयदेवाचे भोजदेव आणि रामादेवी, आणि हे बाराव्या सर्गाच्या शेवटी काव्यातच आलंय. (काही पोथ्यांत आईचं नाव राधादेवी असं मिळतं.) गाव किंदुबिल्व, तेही सातव्या अष्टपदीच्या शेवटच्या पदात आहे. ते बंगालच्या बीरभूममधलं अजय नदीकाठचं केंदुली की ओडिशातलं पुरीजवळचं केंदुली शासन, यावर दोन्ही प्रांतांत जुना वाद आहे. प्रस्तावनेने एका वाक्यात तो निकाली काढलाय. बीरभूमच्या केंदुलीत मकरसंक्रांतीला बाउलांचा (बंगालच्या फिरत्या भक्त-गायकांचा) मोठा मेळा भरतो, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. काळ मात्र बरोबर दिलाय: बारावं शतक. आरंभीच्या एका श्लोकात उमापतिधर, शरण, गोवर्धन आणि धोयी या कवींची नावं येतात आणि त्यांचा संबंध बंगालच्या लक्ष्मणसेन राजाच्या दरबाराशी लावतात. तो श्लोक अर्थातच या संचात नाही.

'देहि पदपल्लवमुदारम्' (तुझं पाऊल माझ्या डोक्यावर ठेव, असं कृष्ण राधेला म्हणतो) ही ओळ लिहायला कवी कचरला, स्नानाला गेला आणि खुद्द कृष्णाने येऊन ती पोथीत उतरवली, ही कथा प्रस्तावनेत घडलेला इतिहास म्हणून येते. आख्यायिका म्हणून ती सुंदरच आहे, कीर्तनात जरूर सांगावी. चोरांनी जयदेवाचे हातपाय तोडल्याची गोष्टही आहे. ती मराठी घरांत पोचली ती मुख्यतः महिपतीच्या 'भक्तविजया'मुळे, म्हणजे १७६२ नंतर. पक्के दगडी पुरावे मात्र प्रस्तावनेत नाहीत. गुजरातेत अनावडा इथे संवत १३४८ चा (इ.स. १२९१-९२) शिलालेख आहे आणि त्याची सुरुवात गीतगोविंदातल्या 'वेदानुद्धरते' या श्लोकाने होते. म्हणजे शंभरेक वर्षांत हे काव्य पूर्वेकडून पार पश्चिमेला आलं होतं. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात ओडिशाचा राजा प्रतापरुद्रदेव याचा १४९९ चा आदेश कोरलेला आहे की देवापुढे गीतगोविंदच गायचं, दुसरं काही शिकायचं नाही. 'गुरू ग्रंथ साहिब'मध्ये जयदेवाच्या नावाची दोन पदं आहेत. मेवाडच्या राणा कुंभाने या काव्यावर 'रसिकप्रिया' नावाचं भाष्य लिहिलं. यातलं काहीच नाही, आणि दीड पान खर्ची पडलंय ते 'भक्तीचा महासागर' छापाच्या विशेषणांवर.

आता गाण्याकडे. अष्टपदी म्हटलं की आठ पदं, असं संचाच्या पाठीवर छापलंय. बहुतेकांना ते लागू आहे. पण पहिलीत अकरा पदं आहेत, दहा अवतार आणि शेवटी कवीची नाममुद्रा, दहावीत पाचच. जयदेवाने स्वतः या काव्याला प्रबंध म्हटलंय.

छपाईत एक गोष्ट चांगल्या हेतूने केली गेली आणि नेमकी तीच नडते. वाचायला सोपं व्हावं म्हणून समास तोडून मध्ये जागा सोडल्यात: 'ललित लवंग लता परिशीलन कोमल मलय समीरे'. मराठी माणूस हे वाचणार ते मराठी सवयीने, शब्दाच्या शेवटचा अ गिळून. ललित्, लवंग्, परिशीलन्, कोमल्, मलय्. मूळ ओळ अठ्ठावीस मात्रांची आहे (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराची दोन), चार-चारचे सात गट. पाच ठिकाणी अ गिळला की उरतात तेवीस, आणि पखवाज वाजवणारा बिचारा सम (ठेक्याची पहिली मात्रा) शोधत बसतो. जागेऐवजी बारीक रेघ टाकून ओळ सलग ठेवली असती तर हे टळलं असतं. तोवर शिकवताना प्रत्येक चार मात्रांवर टाळी द्या: ललितल, वंगल, तापरि, शीलन, कोमल, मलयस, मीरे. तालात बसेपर्यंत अर्थाप्रमाणे तोडून म्हणू नका.

दुसऱ्या अष्टपदीत याहून ठळक चूक आहे. मूळ पाठ 'श्रितकमलाकुचमण्डल धृतकुण्डल ए' असा आहे. संपादकांना तो 'ए' आलापाचा वाटला असावा. पहिल्या पदात तो उडवलाय आणि पुढच्या पदांत मात्र ठेवलाय. हा 'ए' दोन मात्रांचा आहे, पाचवा गट त्यानेच पुरा होतो. तो काढला की वीसाच्या अठरा मात्रा होतात आणि 'कलितललितवनमाल' दोन मात्रा आधीच येऊन आदळतं. शाईने लिहून घ्या.

अठ्ठावीस मात्रा आठाच्या भजनी ठेक्यात कशा बसवायच्या, हा मंडळांचा नेहमीचा प्रश्न. साडेतीन आवर्तनं (ठेक्याचे फेरे) होतात. ओळीच्या शेवटचा 'रे' चार मात्रा जास्त लांबवला की बत्तीस, म्हणजे चार आवर्तनं पुरी. तिसऱ्या अष्टपदीच्या ध्रुवपदात (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत) 'विहरति हरिरिह सरसवसन्ते' या सोळा मात्रा आहेत, ती सरळ दोन आवर्तनं; 'नृत्यति युवतिजनेन समं सखि विरहिजनस्य दुरन्ते' पुन्हा अठ्ठावीस, तिथे 'न्ते' लांबवायचा. पेनड्राइव्हवर मात्र ही अष्टपदी रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालात, घेतली आहे. पहिली ओळ सातांच्या चार आवर्तनांत सुरेख बसते. दुसऱ्या ओळीत, 'मधुकरनिकरकरम्बितकोकिलकूजितकुञ्जकुटीरे' इथे, तिसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर 'कुं' सुरू होतो आणि त्याची दुसरी मात्रा समेवर जाते. गायकाने ते टाळायला 'कुं' ऱ्हस्व केलाय. ऐकताना काहीतरी निसटल्यासारखं होतं ते यामुळे. नवख्यांनी ही चाल उचलू नये. जुन्या पोथ्यांतही काही अष्टपद्यांवर रूपक ताल लिहिलेला आहे, पण त्या नावांचे ताल आजच्यासारखेच होते असं धरून चालता येत नाही; रागांचं तेच. मूळ स्वरलिपी शिल्लक नाही. 'मूळ चालीत' हा वेष्टनावरचा दावा म्हणूनच सोडून द्या.

सुरुवात करायची तर अकरावीपासून करा. 'रतिसुखसारे गतमभिसारे मदनमनोहरवेषम्', ध्रुवपद 'धीरसमीरे यमुनातीरे वसति वने वनमाली'. दोन्ही अठ्ठावीस मात्रांच्या, आणि 'सारे', 'सारे', 'समीरे', 'तीरे' हे यमकाचे तुकडे आठ-आठ मात्रांवर संपतात, त्यामुळे ठेका आपोआप हाताशी येतो. पेनड्राइव्हवरचं सगळ्यात चांगलं गाणंही हेच आहे. झांज बेताची, शब्द स्वच्छ, घाई नाही.

पहिली, दशावताराची, कोकणात सगळ्यात आधी गायली जाणार हे उघड आहे. परशुरामाचं 'क्षत्रियरुधिरमये' हे पद आलं की या किनाऱ्यावर माना डोलणारच. पण ध्रुवपदात 'जय जगदीश हरे' दिसलं म्हणून हिंदी आरतीची चाल लावू नये. दोन जागी ऐकू येणारा हा प्रकार इथल्या ध्वनिमुद्रणाने तरी केलेला नाही. चित्रांत मात्र घोटाळा आहे. आठव्या पदापाशी बासरीवाला कृष्ण काढलाय. तिथे आहे नांगरधारी बलराम: 'केशव धृतहलधररूप'. जयदेवाच्या यादीत कृष्ण अवतार नाही, दहाही रूपं घेणारा तोच आहे. लगेच पुढचा 'वेदानुद्धरते' श्लोक हेच एका दमात सांगून 'कृष्णाय तुभ्यं नमः' वर थांबतो. श्लोक गाळल्याची किंमत इथे पुन्हा मोजावी लागते. दशावतारी नाटकातल्या नटांना हे चित्र दाखवलं तर ते हसतील.

मराठी अर्थ सोवळा आहे. शृंगाराची पदं जिथे उघड होतात तिथे 'दिव्य प्रेम' म्हणून मोकळे झालेत. चौदावी, तेविसावी, चोविसावी यांचा अर्थ तर अर्धाच आहे. पुरीत संध्याधूपापासून (संध्याकाळची पूजा) बडशृंगारापर्यंत (निजण्याआधीचा शृंगार) देवापुढे हे गायलं जात होतं. देवाला चाललं ते गुटक्याला चालायला हरकत नव्हती. एकादशीच्या भजनात कोणत्या अष्टपद्या घ्यायच्या हे मंडळाने ठरवावं, त्यासाठी अर्थ पुरता दिसायला हवा.

बांधणी कोकणाच्या हवेसाठी नाही. कागद गुळगुळीत आर्टपेपर, पाठ नुसत्या डिंकाची. मृगात दमट हवा लागली की रंगीत पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढून सोडवली तर अक्षरं निघतात. श्रावणापर्यंत पाठ उकलते. घेतल्याबरोबर पाठीला दोरा घालून शिवून घ्या आणि चित्रांच्या पानांमध्ये साधा कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. पावसाळ्यात देवळातल्या बंद पेटाऱ्यापेक्षा रोज उघडणाऱ्या कपाटात ठेवलेला बरा.

पेनड्राइव्ह बऱ्याच देवळांतल्या छोट्या स्पीकरना लागत नाही, कारण तो एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये आहे आणि ती यंत्रं सहसा फॅट३२ च वाचतात. संगणकावर गाणी उतरवून घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गाण्यांना ०१ ते २४ असे क्रमांक देऊन त्याच क्रमाने एकेक परत टाका. स्वस्त यंत्रं नावापेक्षा टाकल्याच्या क्रमाने वाजवतात; सगळी एकदम टाकलीत तर राधेचा राग आधी आणि विरह नंतर ऐकू येईल.