माथेरानच्या जुन्या बंगल्यात मुलीचं लग्न: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. लगेच लिहायला बसले असते तर एक तर नुसतं कौतुक झालं असतं, नाही तर डिपॉझिटच्या भांडणाचा राग उतरला असता. आता हिशेब मिटलेत, अल्बम घरात आलाय, लेक-जावई पावसाळ्यात तिथे पुन्हा राहून आलेत. आता सगळं नीट सांगता येईल.

आम्ही मुलुंडचे. नात्यातली सगळी लग्नं दादर, पार्ले, ठाण्याच्या हॉलमध्ये झालेली, माझंसुद्धा. पण आदल्या वर्षी पुतणीच्या लग्नात विहिणीची पंगत बसलेली असतानाच संध्याकाळच्या कार्याचे डेकोरेटर झेंडूच्या पाट्या घेऊन दारात येऊन उभे राहिले. वाढपी मठ्ठा वाढत होते आणि बाजूची टेबलं उचलली जात होती. घरी येताना लेक म्हणाली, "आई, माझ्या लग्नात कुणी घड्याळ बघायचं नाही." तिथून शोध सुरू झाला आणि माथेरानच्या एका जुन्या बंगल्यावर येऊन थांबला. बंगल्याचं आता हॉटेल झालंय. तीन दिवस पूर्ण घर आमचं, माणसं शंभरच्या आत.

घर फार देखणं आहे. उतरतं कौलारू छप्पर, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, लाकडी जमिनीचा मोठा दिवाणखाना, पुढे लाल मातीचं अंगण आणि अंगणावर झुकलेली जांभळीची झाडं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर इथे बंगले उठायला लागले. नेरळहून वर येणारी, आदमजी पीरभॉय यांची छोटी आगगाडी आली ती १९०७ मध्ये. हे घर गाडीच्या आधीचं. म्हणजे त्याची प्रत्येक तुळई आणि प्रत्येक कौल माणसांच्या डोक्यावरून किंवा जनावरांच्या पाठीवरून वर आलेलं. बुकिंग करताना ही गोष्ट मला नुसती ऐकायला छान वाटली होती. तिचा अर्थ कळला तो सामान पोचवायची वेळ आली तेव्हा.

पायथ्याच्या नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे मोटारी बंद. केटररची पातेली, समया, चौरंग, आहेराच्या बॅगा, होमाचं सामान, रुखवताची खोकी, सगळं नाक्यावर उतरवायचं आणि तिथून घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर. हॉटेलवाले "सामानाची सोय होईल" म्हणाले होते. प्रत्यक्षात त्यांनी एका घोडेवाल्याचा नंबर दिला, आणि पैसे नगावर, वेगळे. घोडेवाला माणूस चोख होता, एकही खोकं फुटलं नाही. पण हा खर्च आम्ही धरलाच नव्हता, आणि तो बराच झाला. तुम्ही जाणार असाल तर सामानाचं आधी लेखी घ्या.

सासूबाई ८४ वर्षांच्या. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटल गाडीने त्या मजेत आल्या, खिडकीशी बसून. स्टेशनबाहेर त्यांच्यासाठी हातरिक्षा उभी केली होती. त्या बसल्या, पण चढ लागल्यावर ओढणाऱ्याचा श्वास ऐकून म्हणाल्या, "थांब रे बाळा, मी उतरते." आणि माझ्या दिराचा हात धरून उरलेली वाट चालत गेल्या. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, तेव्हा बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली. ई-रिक्षा आहेत, तुमच्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांचीच चौकशी करा.

इतकं करून त्या पोचल्या तर खोली वरच्या मजल्यावर. तळमजल्याची खोली पाहिजे हे मी तीनदा सांगितलं होतं. जिना लाकडी, उभा, कठडा खाली. लिफ्टची अपेक्षा जुन्या घराकडून मी करणार नाही, पण सांगितलेली खोली मिळावी एवढी तरी करावी की नाही? शेवटी मामेभावाने आपली खोली सोडली.

दुसरी अडचण होमाची. लाकडी जमिनीवर अग्नी चालणार नाही, हे मॅनेजरने आठवडाभर आधी कळवलं. त्यांचं बरोबरच आहे, पण ते बुकिंगच्या दिवशी सांगायला हवं होतं. मग लग्न दिवाणखान्यात आणि लाजाहोम-सप्तपदी अंगणात असं ठरलं. आणि खरं सांगते, तेच सगळ्यात सुंदर झालं.

मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा. माइक लावला नव्हता. बाहेर ना गाडी, ना हॉर्न. गुरुजींचा आणि आत्यांचा आवाज सगळ्या घराला पुरला. अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या, त्या लाकडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, कौलावर पहिली सर यावी तसा. आजवर शेकडो लग्नांत अक्षता टाकल्या असतील, हा आवाज आधी कधी कानावर आला नव्हता. नंतर अंगणात तांदळाच्या सात राशी मांडल्या. लेक अनवाणी चालली. तिच्या पैठणीचा काठ मातीने लाल झाला. साडी दोनदा ड्रायक्लीन करून आणली, आतल्या बाजूला लाल रेघ अजून आहे. तिसऱ्यांदा द्यायला ती तयार नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

माकडांचं मात्र गंभीरपणे घ्या. रुखवत व्हरांड्यात मांडलं होतं. पाच मिनिटं पाठ वळली तेवढ्यात अनारशांचं तबक गेलं. रुखवत आतल्या खोलीत मांडा आणि खिडक्या लावा. रात्री दहानंतर स्पीकर बंद, आम्हाला त्याची अडचण झाली नाही. गाणी, भेंड्या व्हरांड्यातच रंगल्या. वीज दोनदा गेली. जनरेटरवर स्वयंपाकघर आणि दिवाणखाना चालतो, खोल्या नाहीत.

डिपॉझिट ५०,००० रुपये होतं, ते परत यायला पाच महिने लागले. एका खुर्चीचा पाय मोडल्याचं कारण सांगत होते. माझ्या भाच्याने पोचल्या पोचल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढले होते, त्यात तो पाय आधीच सुतळीने बांधलेला दिसत होता. फोटो पाठवल्यावर पैसे आले.

विवाह नोंदणी आम्ही इथे मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसमध्ये केली. गुरुजींची सही आणि साक्षीदारांची नावं डोंगरावर असतानाच अर्जावर घेतली होती, त्यामुळे गुरुजींना पुन्हा गाठावं लागलं नाही, साक्षीदारांना मात्र ऑफिसात यावं लागलं.

जुलैमध्ये लेक-जावई पुन्हा गेले, तेव्हा घर ओळखू येईना. पश्चिमेचा व्हरांडा पूर्ण ताडपत्रीने झाकलेला, अंगणात शेवाळ, आणि त्यांच्या खोलीत रात्री पलंगाच्या पायथ्याशी गळायला लागलं. तिथल्या जुन्या नोकराने काही न विचारता खोली बदलून दिली, वर शेगडी आणून ठेवली आणि लेकीला नावाने हाक मारून विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?"

आता धाकट्याचं जमतंय. त्याच घराच्या डिसेंबरच्या तारखा विचारल्यात. या वेळी सामान, होमाची जागा आणि सासूबाईंची तळमजल्याची खोली, तिन्ही गोष्टी पैसे देण्याआधी कागदावर घेतल्या.