शाळा न्यायाधिकरण: एका अपिलार्थी शिक्षिकेचा अभिप्राय

खाजगी शाळेने सेवासमाप्तीचे पत्र हाती दिल्यावर महाराष्ट्रातील शिक्षकाला खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या खास न्यायमंचाकडे, अपील करता येते. शाळा मान्यताप्राप्त असली की ती अनुदानित असो वा विनाअनुदानित, हा हक्क मिळतो. मी तो बजावला आहे, आणि ही व्यवस्था आपल्याला हवीच, असे माझे ठाम मत झाले आहे.

येथील पीठासीन अधिकारी, म्हणजे अपील ऐकून निर्णय देणारे अधिकारी, न्यायिक सेवेतील असतात, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. कायम शिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढायचे, तर 1981 च्या नियमावलीनुसार आरोपपत्र द्यावे लागते, तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागते, तिच्यात शिक्षकाने सुचवलेला एक प्रतिनिधी घ्यावा लागतो आणि साक्षीदारांच्या उलटतपासणीची संधी द्यावी लागते. माझ्या संस्थेने यांतले काहीही न करता थेट पत्र दिले होते, आणि सुनावणीत नेमके तेच तिला भोवले.

अपिलाची मुदत मात्र अवघी 30 दिवसांची आहे. अनेक शिक्षक आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन उत्तराची वाट पाहतात आणि त्यातच ही मुदत उलटून जाते. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होतो, परंतु मुळात दुबळ्या झालेल्या माणसाने हा आणखी एक भार कशासाठी घ्यायचा?

सेवासमाप्तीच्या काळात आपण अन्यत्र नोकरीस नव्हतो, हे अपिलातच स्पष्ट लिहावे. क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नाकारलेले मागील वेतन (सेवेबाहेर राहावे लागलेल्या काळाचा पगार) सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये शिक्षिकेला पुन्हा मंजूर केले. शिक्षकाने असे कथन केल्यावर तो अन्यत्र कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर येते, असे त्या निकालात सांगितले आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. शक्यतो तीन महिन्यांत अपील निकाली काढावे, आणि तसे न झाल्यास कारणे नोंदवावीत, असे कायदाच सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, पगार बंद असतो आणि घरखर्च थांबत नाही. अपिलार्थीला आपसात मिटवून घेण्यास भाग पाडणारी ही दिरंगाई मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

आदेश आपल्या बाजूने झाला तरी संस्था उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकते. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत मिळताच वकिलांमार्फत तेथे कॅव्हेट, म्हणजे आपल्यालाही ऐकून घ्यावे असा आगाऊ अर्ज, दाखल करावे, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती मिळण्याची शक्यता कमी होते.