‘एकदाही पडलेली नाही’ म्हणून विकलेली कार्बन फ्रेम

रेसबाइकसाठी वापरलेली कार्बन फायबरची फ्रेम घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला विकलेली फ्रेम आतून फुटलेली होती आणि ते झाकण्यासाठी वरून पद्धतशीर काम केलेलं होतं.

विकणारा बोलण्यात पटाईत. केटीएमने 2023 मध्ये मोटोजीपीत कार्बन फ्रेम उतरवली, बीएमडब्ल्यूच्या एचपी4 रेस या बाइकची कार्बन फ्रेम जेमतेम 7.8 किलोची, असं बरंच सांगितलं आणि ते सगळं खरंच आहे. डुकाटीने 2009 मध्ये आणलेली कार्बनची चासी सोडून 2012 साठी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेतली, हा विषय मात्र त्याने काढला नाही.

ट्रॅकवर पहिल्यापासूनच जोरात ब्रेक लावून वळणात शिरताना पुढचं चाक भरवशाचं वाटेना. टायर बदलले, सस्पेन्शनची सेटिंग बदलली, फरक शून्य. शेवटी मेकॅनिकने टाकी उतरवली आणि नाण्याने फ्रेम ठोकत गेला. सगळीकडे टणटणीत आवाज. स्टिअरिंग हेडच्या, म्हणजे पुढचा फोर्क जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्या भागाच्या, डाव्या बाजूला आला आणि आवाज एकदम बद्द. अल्ट्रासोनिक तपासणीत (ध्वनिलहरींनी आतलं तपासतात ती) कळलं की तिथले कार्बनचे थर एकमेकांपासून सुटले आहेत. लॅकर (वरचा पारदर्शक लेप) घासल्यावर खाली फिलर, म्हणजे भेगा बुजवायची लांबी, निघाला आणि त्यावर चिकटवलेला नव्या कार्बन कापडाचा एक थर, केवळ विणीची नक्षी दिसावी म्हणून!

हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. बाइक पूर्ण झुकलेली असताना ट्रॅकचे धक्के सस्पेन्शनला नीट झेलता येत नाहीत, फ्रेमला बाजूने किंचित लवावं लागतं. कार्बनमध्ये ते लवणं आणि ताकद, दोन्ही धाग्यांच्या दिशेवर आणि थरांच्या रचनेवर ठरतं. फिलर भरून त्यातलं काहीच परत येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाकली तर जिगवर (फ्रेम बसवून मापायच्या साच्यावर) मापात सापडते, वेल्डजवळची चीर डाय पेनेट्रंटने (चिरेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) उघडी पडते. कार्बन वरून चकचकीत आणि आतून फाटलेलं असू शकतं, आणि नेमकं यावरच हे लोक पैसे कमावतात.

फायबरग्लासवर कार्बनच्या नक्षीची फिल्म लावून विकणारेही आहेत, पण ते आतली कच्ची बाजू पाहिली की बहुधा पकडले जातात. दुरुस्ती लपवलेली फ्रेम तशी सापडत नाही. टाकी आणि सीट काढूनच बघा. स्टिअरिंग हेड आणि स्विंगआर्म पिव्हटच्या (मागचं चाक धरणारा दांडा फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या जागेच्या) आसपास टॉर्च तिरपा धरा. विणीची रेघ मध्येच तुटते का, लॅकरची छटा बदलते का, ते बघा. मग अल्ट्रासोनिक तपासणी करून घ्या, खर्च तुमचा असला तरी. विकणारा त्याला नाही म्हणाला तर सौदा तिथेच सोडा.

आणि ‘अपघात नाही, दुरुस्ती नाही’ हे फ्रेमच्या नंबरासकट त्याच्याकडून लिहून घ्या. मला त्याने फक्त तोंडी शब्द दिला होता. आता ‘तुम्हीच पाडली असेल’ म्हणून तो हात वर करतोय.