लाकडी फळं की पातीची भिंगरी?

लेक चार वर्षांची. सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं तिच्या भातुकलीत रोज असतात. रंग सुरेख, टिकतातही वर्षानुवर्षं. पण ती तयारच येतात. तिच्या हातांना काम उरत नाही.

माडाच्या पातीचं तसं नाही. वाऱ्याने हिरवी झावळी पडली की आम्ही दोघी पडवीत बसतो. मी हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, सोलून काढते, ती पाती धरते. दोन पाती दुमडून एकमेकींत अडकवायच्या, मधोमध हीर खुपसायचा आणि वाऱ्याच्या तोंडाला धावत सुटायचं! (हिराचं टोक मी आधीच मोडते, डोळ्यांची भीती.) दोन दिवसांत पात सुकते, भिंगरी अडते. मग पुन्हा नवी.

मला भिंगरीच जास्त आवडते. परवा तिने पहिली घडी एकटीने घातली, वाकडी, पण फिरली.