१८६२ चे रुपये आणि तपकीर गल्लीतला डिजिटल सूक्ष्मदर्शक

सहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतून लॅपटॉपला जोडता येणारा डिजिटल सूक्ष्मदर्शक १८०० रुपयांना घेतला. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ सनाच्या चांदीच्या रुपयांमधील साच्यांचे भेद घरीच तपासता यावेत, एवढाच हेतू होता. या रुपयांवर १८६२ हाच सन १८७३ पर्यंत कायम राहिला आणि मुंबई टाकसाळीच्या नाण्यांवरील सनाखालची टिंबे नाणे पाडल्याचे वर्ष दाखवतात, असे संग्राहक मानतात; त्यामुळे एका बारीक टिंबाने नाण्याची किंमत बदलते.

मागील बाजूवरचे वरचे फूल ओळखण्यात या उपकरणाने मोठी सोय केली. एका प्रकारात फुलाच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब असून खाली वळतात, दुसऱ्यात त्या आखूड व आडव्या असतात. दहापट भिंगातून एकेक नाणे पाहताना माझा गोंधळ होत असे; पडद्यावर दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

टिंबांच्या बाबतीत मात्र उपकरणाचे स्वतःचेच दिवे फसवतात. ते चहूबाजूंनी सारखा उजेड टाकत असल्याने सावलीच पडत नाही आणि घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर नुसता पांढरा झोत दिसतो. जुन्या बाजारातून आणलेल्या एका रुपयावर मला सनाखाली दोन टिंबे अगदी स्पष्ट दिसली होती. दिवे मालवून टेबललॅम्प डावीकडे, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर ठेवला, तेव्हा एका टिंबाची सावली उजवीकडे पडली, दुसऱ्याची मात्र त्याच्या आतच, लॅम्पकडच्या कडेला. पहिले टिंब साच्यातून उठलेले होते, दुसरा होता नंतर पडलेला खळगा. नाणे पाव वळसा फिरवूनही तेच दिसले. ही खात्री भिंगाने मला कधीच झाली नसती.

खोक्यावर हजारपट असे छापले असले तरी पन्नासपटीच्या पुढे चित्र धूसर होते, ही सरळ दिशाभूल आहे. स्टँडही हलका आहे. मी तो लाकडी पाटावर स्क्रूने बसवून घेतला.

पुणे टाकसाळीच्या अंकुशी, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या, रुपयांसाठी हे उपकरण घेऊ नये. ती नाणी हाताने ठोकलेली असून साचा नाण्यापेक्षा मोठा असल्याने फसली (महसुली कालगणनेतला) सन पुष्कळदा अर्धाच उमटतो, आणि एकाच साच्याची अनेक नाणी जुळवूनच पूर्ण मजकूर हाती लागतो. त्या कामाला संपूर्ण नाणे दाखवणारा साधा स्कॅनर अधिक बरा.